घर खाली कधी आलं? खानापूर आणि निपाणीकडच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५, बेळगाव

जागतिक बँकेचे नवे आकडे गेल्या आठवड्यात आले. दारिद्र्याची आंतरराष्ट्रीय रेषा माणशी रोजी २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर गेली (हा डॉलर बाजारातला नव्हे, खरेदीशक्तीच्या हिशेबातला). रेषा वर नेऊनही भारतातलं अतिदारिद्र्य २०११-१२ च्या २७.१ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर उतरलं, असं त्यात आहे. स्टाफरूममध्ये लगेच दोन तट पडले. एकाच्या मते गरिबी आता पुस्तकातच उरलीय, दुसऱ्याच्या मते आकडे शिजवलेत. चहा संपेपर्यंत हेच चाललं होतं.

मला या पावसाळ्यात यातला कुठलाच वाद घालायचा नाही. घरं गरिबीत कधी आणि का येतात, त्यातून वर कशी जातात, यावर तृतीय वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांचा प्रकल्प माझ्याकडं आहे. मुलगी खानापूरकडची, मुलगा निपाणीचा. गावंही त्यांच्याच ओळखीची घेतली. एक जांबोटीच्या पुढं जंगलाच्या कडेला, भातावर आणि गोव्यातल्या मजुरीवर चालणारं. दुसरं निपाणीपासून वडापनं जवळ, तंबाखू, विडी आणि आता ऊस. गावांची नावं नोंदीत येणार नाहीत. लोक कर्जाबद्दल बोलणार आहेत, आणि शेजारच्याच गावात त्यांचे व्याही असतात.

एक गोष्ट आजच ठरली. "उत्पन्न किती?" हा प्रश्न विचारायचा नाही. गेल्या नोव्हेंबरात कर्नाटकात बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) रेशनकार्डांची छाननी झाली, कितीतरी कार्डं एपीएलमध्ये (रेषेच्या वर) गेली, ओरड झाल्यावर सरकारनं पाऊल मागं घेतलं. तेव्हापासून कागद-पेन घेतलेला माणूस दारात दिसला की विचारतात, "कार्ड कापायला आलाय काय?" अशा घरात उत्पन्न विचारलं तर जे उत्तर मिळेल, ते आत्ताच लिहून ठेवता येईल.

१४ जून

वाचनाचा दिवस. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांचं दारिद्र्यावरचं १९७१ चं काम पुन्हा काढलं. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळावेत इतका खर्च धरून त्यांनी १९६०-६१ च्या भावानं खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी पातळी काढली होती. त्याखाली खेड्यातले ४० टक्के आणि शहरातले ५० टक्के लोक येत होते. त्यांच्या मते उपाय एकच, सरकारनं काम काढावं आणि मजुरी द्यावी. जमीन वाटून सगळ्यांना पुरणार नाही, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट लिहिलं. पन्नास वर्षांनंतरही त्यांचं गद्य आजच्या कुठल्याही अहवालापेक्षा वाचनीय आहे.

मग तेंडुलकर समिती, २००९. तिच्या पद्धतीनं २०११-१२ साठी ग्रामीण कर्नाटकची दारिद्र्यरेषा माणशी महिना ९०२ रुपये आली आणि ग्रामीण महाराष्ट्राची ९६७. म्हणजे राज्यांच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडं महिना साडेनऊशे खर्चणारा माणूस रेषेच्या वर आणि पलीकडं कागलला तेवढंच खर्चणारा गरीब. २०१४ मध्ये रंगराजन समितीनं रेषा वर न्यायला सांगितली, सरकारनं ती स्वीकारली नाही, आणि नवी अधिकृत रेषा त्यानंतर आलेलीच नाही. आता नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक चालतो. पोषण, शाळेची वर्षं, चुलीचं इंधन, संडास, वीज, बँक खातं असे १२ निकष. त्यात कर्नाटक २०१५-१६ मधल्या १२.७७ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७.५८ वर आलं. संडास बांधले गेले, खाती उघडली, सिलिंडर आले हे खरंच आहे. पण खातं रिकामं असलं तरी या निकषात ते खातंच.

रात्री सहज एक हिशेब केला. बीपीएलसाठी वर्षाची मर्यादा १ लाख २० हजार. उद्योग खात्रीची (म्हणजे रोजगार हमीची) मजुरी कर्नाटकात यंदा दिवसाला ३७० रुपये. याच दरानं कुठंही नवरा-बायकोनं प्रत्येकी १६३ दिवस काम केलं तर १,२०,६२० रुपये होतात. वर्षातले साडेपाच महिने अंग मोडून राबलं की जोडपं कागदावर गरीब राहत नाही! उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा देणारा आणि घेणारा दोघंही मनावर का घेत नाहीत, ते यातून कळतं.

२१ जून, जांबोटीच्या पुढं

पाऊस थांबायचं नाव नाही. लावणीला अजून वेळ असल्यामुळं लोक सापडले. देवळाच्या सभामंडपात बसलो.

संशोधक अनिरुद्ध कृष्ण यांची पद्धत वापरतोय. त्यांनी राजस्थानातल्या गावांत सुरुवात केली, पुढं गुजरात, आंध्र, केनिया, युगांडा, पेरूपर्यंत तीच नेली. गरीब कोण हे आपण ठरवायचं नाही. गावाला विचारायचं, एखादं घर अगदी तळाशी आहे, त्याच्या हातात थोडे पैसे आले तर ते आधी काय करेल? मग काय? मग? अशा पायऱ्या गावच मांडतं. मग प्रत्येक घर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुठल्या पायरीवर होतं आणि आज कुठं आहे, हे विचारायचं. घर वर गेलं किंवा खाली आलं, तर का?

पहिली पायरी ठरायला वेळ लागला नाही, वर्षभराचं भात घरात. दुसरीला मला वाटलं मुलांची शाळा येईल. राजस्थानातल्या गावांनी तशीच लावली होती. इथं सगळ्यांनी एकमुखानं कौलं सांगितली. "पावसाआदी शाकारलं न्हाई तर चूल भिजतीय, सरपण भिजतंय, कणगीतलं भात भिजतंय. मग पोरगं शाळेत जाऊन काय करंल?" कौलांनंतर शाळा, त्यानंतर दुकानाची उधारी फेडणं, मग म्हैस, मग घरातल्या एकाची गोव्यात कायमची नोकरी. उधारी फिटली की घर गरीब राहिलं नाही, असं गावानं ठरवलं. रेषा त्यांनीच ओढली.

फोन पायऱ्यांत धरायचा का, यावर वाद झाला. पंचायतीत बसणारे एक काका म्हणाले, हातात फोन आहे तो गरीब कसला. एका म्हातारीनं त्यांना गप्प केलं. "गरिबालाच फोन जास्त लागतंय. कामाचं बोलावणं त्येच्यावरच येतंय की." फोन पायऱ्यांतून काढून टाकला.

२८ जून, निपाणीकडं

इथं बायका आणि पुरुष वेगवेगळे बसवले. विद्यार्थ्याचा आग्रह होता आणि तो बरोबर निघाला.

निपाणी म्हटलं की आमच्या पिढीला १९८१ चं तंबाखू आंदोलन आठवतं. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं मेली. त्याच काळात वखारीत जर्दा चाळणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांची संघटना सुभाष जोशींनी इथं उभी केली. आज बसलेल्या बायकांपैकी वयस्कर दोघी त्या मोर्च्यांत होत्या. त्यांच्या बोलण्यात अजून तो तोरा आहे, सुनांच्या बोलण्यात नाही. सुनांना सट्टेदार (विडीचा ठेकेदार) पान-तंबाखू देतो आणि विड्या मोजून घेताना खराब म्हणून काही बाजूला काढतो. काम मात्र आठवड्यातून मोजक्याच दिवसांचं.

इथल्या पायऱ्या वेगळ्या निघाल्या. धान्याचा प्रश्न रेशननं बराच सोडवलाय, म्हणून बायकांनी पहिली पायरी सांगितली ती अशी, "फायनान्सचा हप्ता दुसऱ्याकडनं उसना न घेता भरता येणं." पुरुषांच्या बैठकीत फायनान्सचा, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांचा, उल्लेखच आला नाही. तिथं पहिली पायरी बोअरला पाणी.

६ जुलै

दोन्ही गावांतल्या घरांच्या कहाण्या एकत्र लावून पाहिल्या. आषाढी एकादशी असल्यानं विद्यार्थ्यांना सुट्टी होती, तरी दोघंही आले.

खाली आलेल्या घरांची कारणं आणि वर गेलेल्या घरांची कारणं एकमेकांची उलट नाहीत. या प्रकल्पात मला महत्त्वाचं वाटतंय ते हेच. वर गेलेली घरं गेली ती नोकरी, पाणी, म्हैस, गोवा यांमुळं. खाली आलेली मात्र नोकरी गेली किंवा पाणी आटलं म्हणून क्वचितच आलीत. बहुतेक वेळा कहाणीची सुरुवात एकाच ठिकाणी होते. "म्हाताऱ्याचं आपरेशन झालं तवापास्नं." "ह्येंना झटका आला त्या वर्साला." "पोरीचं बाळंतपण अडलं." दवाखाना, मग कर्ज, मग म्हैस विकली, मग जमीन गहाण, मग मोठ्या पोराची शाळा सुटली. क्रम इतका ठरलेला की तिसऱ्या-चौथ्या घरानंतर विद्यार्थिनी पुढचं वाक्य आधीच लिहायला लागली. तिला थांबवलं.

आजारपणाच्या खालोखाल लग्नाचा खर्च आणि एकाच वर्षात लागोपाठ आलेली दोन संकटं. चिकोडी, अथणीच्या कृष्णाकाठावर विचारलं असतं तर २०१९ चा पूर आधी आला असता, आमची गावं त्या पट्ट्यात नाहीत. कृष्ण यांच्या अभ्यासात दारू आणि आळस ही कारणं फार थोड्या घरांत निघाली होती. आमच्याकडं पुरुषांच्या बैठकीत दारूचं नाव निघालं ते फक्त दुसऱ्यांच्या घराबद्दल. बायकांच्या बैठकीत स्वतःच्या. त्यामुळं दारूची गोष्ट मी तरी इतक्या लवकर खोडणार नाही.

आता योजनांकडं पाहा. गृहलक्ष्मीचे महिना २,००० रुपये घरातल्या कर्त्या बाईला, अन्नभाग्यचं तांदूळ, शक्तीची फुकट बस, गृहज्योतीची २०० युनिटपर्यंतची वीज. २०२३ पासून या सगळ्यानं तळाच्या पायऱ्यांवरच्या घरांना खरंच आधार दिलाय. स्टाफरूममध्ये "फुकटं" म्हणून हसणाऱ्यांनी एकदा रेशनच्या दिवशी इथं यावं. पण यांतली कुठलीही योजना पडणाऱ्या घराला पडायच्या क्षणी धरत नाही. विहिरीत पडलेल्यांना दोर सोडायची सोय झाली, कठडा मात्र बांधायचा राहिला आहे. कठड्याचं काम आरोग्य योजनेनं करायचं असतं. म्हणून पुढचा आठवडा तिच्यासाठी.

१५ जुलै, निपाणी

एक घर सविस्तर लिहितेय, कारण इथं सीमा प्रत्यक्ष आड येते.

विडी वळणारी बाई, नवरा ट्रॅक्टरवर. दोन वर्षांपूर्वी रात्री त्याला छातीत कळ आली. गावातून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पंच्याहत्तरच्या आसपास. कुणीही कोल्हापूरलाच नेईल, यांनीही नेलं. बहीण तिथं, ओळखीचा डॉक्टर तिथं, बोलणं समजतं तिथं. घरात बीपीएल कार्ड होतं. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. तातडीचा प्रसंग सोडला तर आधी सरकारी दवाखान्यात जायचं, तिथनं चिठ्ठी घ्यायची, मग यादीतलं हॉस्पिटल. हा प्रसंग तातडीचाच होता, पण खासगी हॉस्पिटलच्या काउंटरवर कार्ड बघून सांगितलं, हे इथं चालत नाही, भरती करायची तर आधी पैसे. वाद घालायची ती वेळ नव्हती.

पैसे असे उभे राहिले: भावाकडनं थोडे, दोन फायनान्सकडनं, म्हैस विकून, आणि अर्धा एकर गहाण. नवरा वाचला, पण ट्रॅक्टर सुटला. मुलगी दहावीनंतर विड्या वळायला बसली.

दुसऱ्या बाजूनंही एक सोय आहे. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटकानं त्याला कडाडून हरकत घेतली. पेपरात दोन्हीकडची भाषणं भरभरून आली. या बाईला दोन्ही योजनांबद्दल आम्ही विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, त्या राती मला कुनी सांगितलं असतं तर मी दोनी कागद घिऊन गेले असते की."

१९५६ पासून आम्ही भाग कुणाचा यावर भांडतोय, २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याबद्दल माझं मत आहे, पण या नोंदीत ते नको. इतकंच लिहिते की दोन सरकारांच्या आरोग्य योजना असलेल्या पट्ट्यात एका घराची म्हैस विकली गेली.

विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्यानं उपकरातून कल्याण निधी होता. दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरकुलं. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला. म्हाताऱ्या बायका त्या शिष्यवृत्तीची आठवण अजून काढतात.

२४ जुलै

फायनान्स. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार सूक्ष्म कर्ज म्हणजे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण दिलेलं कर्ज, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. या वर्षाच्या सुरुवातीला वसुलीच्या जाचाच्या बातम्या बेळगाव जिल्ह्यातूनही खूप आल्या, आणि फेब्रुवारीत कर्नाटकानं जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. दहा वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. नोंदणी नसलेल्या सावकाराचं गरिबाकडचं कर्ज माफ. रिझर्व्ह बँकेकडं नोंदलेल्या कंपन्यांची कर्जं मात्र माफ नाहीत, आणि आमच्या घरांमध्ये बहुतेक कर्जं त्यांचीच आहेत.

हप्त्याच्या दिवशी एका अंगणात बसून पाहिलं. आरडाओरडा काही नाही. वसुलीचा पोरगा नम्र, "अक्का, अक्का" करत होता. एका बाईकडं हप्त्याला पैसे कमी पडले. तिचा हप्ता पुरा होईपर्यंत गटातल्या बाकीच्या बायकांना उठता येत नाही. तो शांतपणा मला धमकीपेक्षा जड वाटला. एका काकूंनी सांगितलं, गृहलक्ष्मी जमा झाल्याचा मेसेज आला की त्यातला बहुतेक पैसा इकडंच येतो. म्हणजे सरकारनं दिलेले २,००० आजारपणाचं जुनं कर्ज फेडतायत. तेही वाईट नाही, ते नसते तर तिसरं कर्ज झालं असतं. पण या पैशातून घर वर चढेल ही अपेक्षा कुणी करू नये.

२ ऑगस्ट

खानापूरचा दौरा रद्द. लावणी आणि पाऊस दोन्ही जोरात, आणि वाटेतल्या ओढ्याला पाणी.

११ ऑगस्ट, जांबोटीच्या पुढं

उद्योग खात्री. या कल्पनेचा जन्म आपल्या जवळचा. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात ती महाराष्ट्रभर पसरली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पैसा उभा करायला शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. मुंबईच्या कारकुनानं भरलेल्या करातून माणदेशात बांध घातले गेले, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. २००५ च्या केंद्रीय कायद्यात ती १०० दिवसांची झाली.

यंदा कर्नाटकात ३७० रुपये, महाराष्ट्रात ३१२. खानापूर तालुक्यात बायकांनी संघटना करून काम मागायची सवय लावून घेतलीय, त्यामुळं इथं कायकबंधू (मजुरांच्या गटाचा मुकादम) बाईच आहे आणि तिला नमुना सहाची (काम मागायच्या अर्जाची) पोच घ्यायची असते हे माहीत आहे. पोच असली तर पंधरा दिवसांत काम नाहीतर बेकारी भत्ता, हा कायदा. पोच नसली तर मागणीच झाली नाही. अडचणी दोन. हजेरीचा फोटो ॲपवर दिवसातून दोनदा चढवायचा, आणि जंगलाच्या कडेला नेटवर्क नाही. फोटो चढला नाही की हजेरी धोक्यात. दुसरं, २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यावरच. सासरी आलेल्या सुनेच्या आधारवर माहेरचं नाव असलं की सगळं अडतं.

आजारपणानं खाली आलेल्या घरात उद्योग खात्रीला जायला माणूसच उरत नाही, हेही आज दिसलं. एक आजारी, दुसरा त्याच्यापाशी.

२३ ऑगस्ट

वर गेलेल्या घरांवर थोडक्यात, कारण त्यात नवल नाही. आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत लागलेला मुलगा. गोव्यात हॉटेलात आचारी झालेला. दुधाच्या दोन म्हशी आणि डेअरीचा ठरलेला दिवस. निपाणीकडं बोअर आणि ऊस, पण त्याला आधी जमीन लागते. १९७४ च्या कूळकायद्यानं ज्यांना जमीन मिळाली त्यांची नातवंडं आज बहुतेक वरच्या पायऱ्यांवर आहेत. धोरणाचं फळ दिसायला दोन पिढ्या लागतात, हे मुलांना वर्गात सांगून पटत नव्हतं. इथं वहीत नावं लिहिताना पटलं.

६ सप्टेंबर

जीएसटी परिषदेनं परवा विडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणि विडीच्या पानावरचा १८ वरून ५ वर आणायचं ठरवलं. पानावरचा २२ तारखेपासून लागू, विडीवरचा मात्र नंतर. निपाणीचा विद्यार्थी विचारत होता, हजार विड्यांची मजुरी वाढेल का? वाढावी असं करकपातीत काहीच नाही. विडी स्वस्त झाली तर मागणी वाढेल, कामाचे दिवस कदाचित वाढतील. आणि ओढणाऱ्याची छाती? तिचा खर्च पुन्हा आमच्याच पायऱ्यांवर येणार. यावर माझं आणि वयस्कर काकूंचं पटलं नाही. त्यांचं म्हणणं, "काम वाढू दे आदी."

१८ सप्टेंबर, जांबोटीच्या पुढं

पंचायतीत बसलो. पंचायत विकास अधिकारी (पीडीओ), दोन सदस्य, आशाताई, रेशन दुकानदार, कायकबंधू. एक पान मराठीत आणि तेच कानडीत दिलं. मागणी छोटी ठेवली. कुठलं कार्ड कुठल्या हॉस्पिटलात चालतं, सीमेपलीकडंसुद्धा, रात्री कुणाला फोन करायचा, आणि पैसे मागितले तर तक्रार कुठं, हे रेशन दुकानाच्या भिंतीवर रंगवून हवं. भिंत यासाठी की कागद पावसात टिकत नाही. दुकानदार तयार झाला, रंगाचा खर्च पंचायत करेल.

दुसरं, ज्या घरात मोठं आजारपण आलं त्याची नोंद त्याच आठवड्यात व्हावी, म्हणजे वर्षभरानंतर जमीन गहाण पडल्यावर कळायला नको. नोंद झाली की चिठ्ठी, आरोग्य योजना, घरातल्या धडधाकट माणसाला उद्योग खात्रीचं जवळचं काम, आणि हप्त्याला मुदत मागणारं पत्र, हे चार कागद एकाच वेळी पुढं जावेत. पीडीओंना कल्पना पटली, त्यांनी वही पंचायतीत ठेवायला सांगितलं. बायकांनी विरोध केला. वही पंचायतीत गेली की फायनान्सवाल्यांना सुगावा लागेल आणि पुढचं कर्ज बंद होईल, असं त्यांचं म्हणणं. यात तथ्य आहे. शेवटी ठरलं ते असं, नावाऐवजी फक्त पंचायतीचा घर नंबर लिहायचा आणि वही आशाताईंकडं राहील.

निपाणीकडं अजून हे ठरलेलं नाही. तिथल्या दोन आशांपैकी एकीला हे जादा काम वाटतं, आणि ते आहेच, मानधन तेवढंच राहणार. तिच्याशी पुढच्या आठवड्यात बोलायचंय.